मागे गाडी होती तेव्हा

माझे पती धुळ्याच्या एका लॉजमध्ये वारले. सकाळी मॅनेजरने दार वाजवले. दार उघडले नाही. दुपारी मला जळगावला निरोप मिळाला.

आमचा धंदा शाळांना पुस्तकं पुरवण्याचा. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या खेड्यांतून ते ट्रंक घेऊन फिरत, एस.टी.ने जात, मिळेल तिथे मुक्काम करत. मी घरी बसून मागण्या जुळवायची. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं, किंवा मी ते सोडलं नाही, असं म्हणणं जास्त खरं होईल. ते सोडलं असतं तर दिवसभर घरात त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसावं लागलं असतं.

पण रात्री राहायचं कुठे, हा प्रश्न होता. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. लॉजवाले एकट्या बाईला खोली देत नसत. आणि दुखवट्याच्या वर्षात बाईने दुसऱ्याच्या घरी मुक्काम करायचा नाही, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. दोन्ही दारं बंद होती. म्हणून राहता येईल अशी गाडी घ्यायचं मी ठरवलं. माझं माहेर सावद्याचं. केळीच्या बागेत मी ट्रॅक्टर चालवायला शिकले होते, त्यामुळे चालवण्याची भीती नव्हती.

गाडी पाहायला जेठ बरोबर आले. यांचे थोरले भाऊ. सगळे त्यांना नाना म्हणत. आमच्यात जेठ भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. नाना गॅरेजवाल्याशी बोलत आणि मी ऐकत असे. मी गॅरेजवाल्याला उत्तर देई आणि नाना ऐकत.

पहिली होती जुनी ॲम्बेसेडर. तिच्यात पाय लांब करता येत नव्हते आणि चारी बाजूंनी काचा. दुसरी एका दवाखान्याने काढून टाकलेली रुग्णवाहिका. ती लांबरुंद होती, पण तिला पाहून रस्त्यावरचे लोक हात करतील, आजारी माणूस आणून घालतील आणि दार उघडावंच लागेल. तिसरी दुधाचे कॅन वाहणारी मॅटॅडोर. तिच्यात इंजिन दोन सीटांच्या मध्ये असतं. इंजिनाच्या झाकणावरून मी मागे गेले, पुन्हा पुढे आले. दार न उघडता, खाली न उतरता जाता येत होतं. झोपेतून उठून थेट स्टिअरिंगवर बसता येईल अशी ती एकच गाडी होती. मी आतून कडी लावली आणि गॅरेजवाल्याला म्हटलं, बाहेरून उघडून दाखवा. त्याला उघडता आलं नाही.

"शेठ, विचारा त्यांना," नाना गॅरेजवाल्याला म्हणाले, "गाडी पाहिजे का कपाट?"

"कपाटच पाहिजे," मी म्हटलं. "चाकांचं."

नाना हसले नाहीत. "मग हेही सांगा त्यांना. एकदा जरी भिऊन परत आल्या, तरी गाडी त्याच दिवशी विकायची. एका भावाला परगावहून उचलून आणलं. आता पुन्हा ते मला होणार नाही."

मी मान हलवली. ही अट मला मान्य होती.

काही गोष्टी मी ठरवून घेतल्या. गाडीचं तोंड नेहमी रस्त्याकडे. यांचा एक सदरा मागच्या खिडकीत वाळत घातलेला, कोरडा असला तरी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, गावात गाडी लावायच्या आधी एखाद्या घरच्या ओट्यावर बसून चतकोर भाकरी मागून खायची. भूक नसली तरी. ज्या घरचं खाल्लं त्या घरची आपण पाहुणी होतो, आणि पाहुणीला त्रास झाला तर त्या घराची मान खाली जाते. सगळी गल्ली मग गाडीकडे लक्ष ठेवते. खानदेशात भाकरीला कुणी नाही म्हणत नाही. पावसाळ्यापर्यंत या एका रिवाजावर मी निर्धास्त झोपले.

श्रावणातला एक रविवार होता. साक्रीच्या बाजूला एका गावात सोमवारी शाळेत जायचं होतं, म्हणून दुपारीच पोचले. गल्लीत पहिल्या घरी भाकरी मागितली. बाई म्हणाली, "आज नही, माय." दुसऱ्या घरातून पुरणाचा वास येत होता, तिथल्या सुनेने मला पाहून दार लोटून घेतलं. तिसऱ्या घरी एक म्हातारी ओट्यावर बसली होती. तिच्याजवळ ताट होतं. मी मागताच तिने ताटावर पदर ओढला.

"आज देता येत नही," ती म्हणाली. "दुसरं काही माग."

जेवण असून कुणी नाही म्हणालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. समोर मोटारसायकलला टेकून दोन माणसं उभी होती. त्यांच्यातल्या एकाने म्हातारीला विचारलं, "एकलीच शे का हाई?" मी एकटी आहे का, यावर तिने काय सांगितलं ते ऐकायला मी थांबले नाही. ज्या गावाला आपण पाहुणी म्हणून नको आहोत, तिथे थांबायचं नाही, एवढंच मला सुचलं.

गावाबाहेर पडले तेव्हा दिवस कलला होता, पाऊस भुरभुरत होता. आरशात पाहिलं तर मोटारसायकल मागे होती. मी वेग वाढवला, तिनेही वाढवला. पुढच्या वळणावर रस्ता संपला. नाल्यावरच्या बुटक्या फरशी-पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं आणि पूल दिसत नव्हता. मी ब्रेक दाबला. कड्या तपासल्या. इंजिन चालूच ठेवलं. नानांचे शब्द आठवले आणि पहिल्यांदा वाटलं, विकावी. फक्त आज इथून सुटू दे.

एकाने काचेवर बोटं वाजवली. "अक्का, काच खाले करा."

मी दोन बोटं काच खाली केली. "काय पाहिजे?"

"आईनी बलावं शे तुम्हले. ओट्यावर बशेल व्हती ना, ती आमनी आई."

"मग तिने भाकरीला नाही का म्हटलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "अक्का, आज कानबाई शे ना. बठ्ठी गल्ली एकच कुळनी. रोट ते घरनास्नीच खावाना. भायेरना माणूसले कशा देवाना?"

खानदेशची देवी कानबाई, तिचा श्रावणातला रविवार, तिच्या नैवेद्याच्या रोटांचा स्वयंपाक, कुळाबाहेरच्याला त्यातला घासही द्यायचा नाही हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या वर्षी आमच्या घरी सण नव्हता. घरात कुणी कानबाईचं नाव काढलं नव्हतं आणि मला सणावारांचं भानच उरलं नव्हतं.

त्याने पिशवी वर धरली. "शिधा शे. पीठ, मिरच्या, गूळ. कोरडं चालस."

पिशवी फटीतून आत येत नव्हती. दार उघडावं लागणार होतं. तो खरं बोलतो आहे असं वाटत होतं, पण वाटण्यावर कडी काढायची नाही, हेही मी ठरवलेलं होतं.

"पुढच्या बंपरवर ठेवा आणि मागे व्हा."

त्याने ठेवली. दुसरा म्हणाला, "बाई पोलिसमा व्हती का काय?"

"गप ऱ्हाय. तुन्ही बहीण एकली ऱ्हाती, ते तिनी उघाडतं का दार?"

मग तो मला म्हणाला, "पाणी सकाळशिवाय उतरत नही. गावात चला. आम्हीन म्होरे चालतस, तुम्ही मांगे या. मांगे गाडी ऱ्हायनी का भ्याव वाटस."

ते खरोखर पुढे गेले आणि वळणावर थांबून राहिले. मी पिशवी उचलायला उतरले, पुन्हा आत शिरून कडी लावली. परत जायचं की नाल्याकाठीच थांबायचं, ते ठरवायला वेळ लागला. मग मी गाडी वळवली.

म्हातारीच्या ओट्यासमोर गाडी लावून स्टोव्हवर भाकरी केली. ती तिच्या ताटातलं खात होती, मी माझ्या.

"शिकेल दिखस," ती म्हणाली. "मंग कानबाई म्हाईत नही?"

"यंदा आमच्याकडे बसली नाही."

तिचा हात ताटात थांबला. तिने माझ्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं. थोड्या वेळाने मोठ्या मुलाला हाक मारून तिने खाट ओट्यावर, गाडीच्या दारासमोर टाकायला लावली आणि तिच्यावर स्वतः आडवी झाली.

जळगावला परतल्यावर नानांनी जाऊबाईंकरवी विचारलं, भीती वाटली का. मी होय म्हटलं. पण परत आले ते भिऊन नाही, पुस्तकं संपली म्हणून, हेही सांगायला सांगितलं. गाडी विकायचा विषय नानांनी पुन्हा काढला नाही. पुढच्या श्रावणात त्यांनीच घरी कानबाई बसवली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोळ्यांमुळे मी गाडी चालवणं सोडलं. आता नाना नाहीत, जाऊबाई नाहीत, पुतणे परगावी असतात. कानबाईचं सामान माझ्याकडे आहे, पण ती आता बसत नाही. रोट घरच्यांनीच खायचे असतात, आणि या घरात मी एकटी आहे.