वाक्य पुरं होऊ देणाऱ्या सुर्वे बाई

वर्गात मुलगी बोलायला लागली की तिचं वाक्य कोण तोडतं, याकडे तुम्ही कधी लक्ष दिलंय का?

आमच्या सुर्वे बाईंनी दिलं होतं. रत्नागिरीच्या बंदराजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. मुलगी बोलत असताना एखादा मुलगा मध्येच ओरडला, तर त्याच्याकडे न बघता नुसता पंजा वर करायच्या. "एस.टी.त आधी उतरू देतात मेल्या, मग चढतात." वर्ग हसायचा आणि मुलीचं वाक्य पुरं व्हायचं!

मुलींनाही सूट नव्हती. मी उत्तराआधी "बाई, कदाचित... असं असेल का?" म्हणायचे. बाई म्हणायच्या, "परवानगी कसली मागतेस गो? उत्तर दे." आणि काही न समजता सगळ्यात आधी ओरडणाऱ्या ओंकारला म्हणायच्या, "समजलं नाही म्हण की एकदा. मिशी गळून पडणार नाय तुझी." त्याला मिशी फुटलीच नव्हती.

दहावीत मी उन्हावर मासळी सुकवायची पेटी बनवली. काळा पत्रा, वर काच, आत जाळी. ओंकारने पत्रा कापून दिला. पेटी तालुक्याच्या प्रदर्शनाला निवडली गेली आणि मुख्याध्यापकांनी ठरवलं, "माहिती ओंकार सांगेल. आवाज खणखणीत आहे. ही पुटपुटते."

"सर," बाई म्हणाल्या, "हिची आई बंदरावर मासळीची बोली लावते तेव्हा खलाशी गप्प होतात. आवाज घरातच आहे. वर्गात आपण तो दाबला."

सर बधले नाहीत. मीच बाईंना म्हटलं, "असू दे बाई. माझं चुकलं तर?"

"मग चूक की. ओंकार रोज चुकतो. मेला का?"

प्रदर्शनात ओंकारने पाठ केलेलं धडाधड म्हणून टाकलं. परीक्षकांनी पेटी न्याहाळली आणि त्यालाच विचारलं, "ही खालची भोकं कशाला?"

मला उत्तर येत होतं. तोंड उघडत नव्हतं. ओंकार आता काहीतरी ठोकून देणार, असं वाटलं. तो लाल झाला आणि म्हणाला, "मला नाही समजलेलं, सर. पेटी हिची आहे. हिला विचारा."

मी बोलले! खालून गार हवा येते, तापून वरून निघते, जाताना मासळीची ओल घेऊन जाते. 'कदाचित' एकदाही नाही. परीक्षकांनी पुढचे सगळे प्रश्न मला विचारले. बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. पण परतताना बाईंनी गाडीत ओंकारला स्वतःशेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "आज तू सगळ्यात बरोबर उत्तर दिलंस."

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. आता मी कॉलेजात आहे, सभांना जाते. तिथेही मुली राबतात, पत्रकं लिहितात, आणि माईक मुलाच्या हातात असतो. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. एखाद्या मुलीने, बाईने केलेल्या कामाबद्दल तुम्हाला कुणी विचारलं, तर उत्तर येत असलं तरी देऊ नका. बाजूला सरका आणि म्हणा, "हिला विचारा."