हिरवे बटाटे

एडिनबराला आमच्या मागच्या गार्डनमध्ये मी बटाटे मातीत न पुरता पेंढ्याखाली लावले होते. वाऱ्याने पेंढा उडाला आणि उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे झाले. टाकून द्यायचे म्हणून मी ते बाजूला काढून ठेवले. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आले, तर सिंकमध्ये हिरवी सालं होती आणि माझी चार वर्षांची मुलगी बटाट्याची भाजी खात होती. मी तिच्यापुढची ताटली ओढून घेतली.

"अहो आई, हिरवा बटाटा विषारी असतो."

"साल जाड काढली होती मी. जन्मभर असेच खाल्लेत आम्ही."

मुलीने किती खाल्लं, ते नक्की सांगता येईना. मी आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. तिथली बाई म्हणाली, लक्ष ठेवा, उलटी झाली तर हॉस्पिटलमध्ये घेऊन या. मुलगी कार्टून बघत बसली आणि आम्ही दोघी तिच्याकडे. सासूबाईंनी तिच्या पोटावरचा हात काढला नाही.

झोपायच्या वेळी ती म्हणाली, "आजी, मला भूक लागला."

सासूबाईंनी तिला दहीभात भरवला. मग भाजीचं पातेलं उचलून मला विचारलं, "हे कुठल्या बिनमध्ये टाकायचं?"