उरलेलं दूध

जमुनाबाईच्या घरून भाताचं एक शीत कधी उकिरड्यावर गेलं नाही. रात्री उरलं की गंजात, म्हणजे पातेल्यातच, पाणी ओतून झाकायचं आणि सकाळी मीठ-कांद्याशी तो शिळा भात, तिची बासी, खायची. गोंदियाकडच्या गोरेगावजवळ एका गावात तीस वर्षं तिचा संसार असा चालला, आणि बाईला त्याचा ताठा होता. त्याच ताठ्यानं घात केला, हे आधीच सांगितलेलं बरं.

मे महिन्यात सून चेतना बाळंत झाली. टाके पिकले, ताप चढला. तिला गोंदियाच्या दवाखान्यात ठेवून घेतलं आणि अकरा दिवसांचं पोर आजीकडे आलं, सोबत दुधाच्या पावडरीचा डबा. गावातली आशा सेविका पुष्पाबाई शेजारी बसून सगळं शिकवून गेली. बाटली-बूच उकळा, पाणी उकळा, ते गरम असतानाच पावडर मोजून टाका, कोमट झालं की लगेच पाजा.

"आन् उरलं तं फेकून देजा, काकी. ठेवू नोका."

"हो वं, समजलं मले."

बाकी सगळं तिनं तंतोतंत केलं. पण पोरानं अर्ध्यात तोंड फिरवलं की तिचा हात मोरीपर्यंत जाईना. दूध ओतायचं? मोरीत? छे! तिनं बाटली थंड पाण्याच्या गंजात उभी केली, वर ओलं फडकं टाकलं. पाण्यात भात रात्रभर टिकतो, मग हे काऊन नाही टिकणार? पोर पुन्हा रडलं की तीच बाटली पुढं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोर ओकलं. "जास्त झालं असंल," बाई स्वतःशीच म्हणाली. मग जुलाब लागले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि घरात पोराचं रडणं बारीक-बारीक होत गेलं. मग ते रडेचना. टाळू आत गेलेली दिसली, तशी जमुनाबाई दारातून पुष्पाबाईला हाका मारत सुटली.

पुष्पाबाई धावत आली. तिनं पोर बघितलं, मग गंजातली बाटली.

"हे दूध कवाचं, काकी?"

"सकाळचं."

पुष्पाबाईनं रुग्णवाहिकेला फोन लावला.

गोंदियाच्या त्याच दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच विचारलं. चेतना खाटेवरून उठून भिंतीला धरून समोर उभी होती. खोटं बोलणं किती सोपं होतं! "मीच ठेवलं होतं," जमुनाबाई म्हणाली, "बासीवानी. पुष्पाबाई नाही मनत होती, तरी मीच." धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

तीन दिवस सलाईन चाललं. चौथ्या दिवशी पोरानं डोळे उघडले, तेव्हा सिस्टरनं ताजं दूध करून दिलं. पोर अर्धं प्यायलं आणि झोपलं. चेतनानं बाटली सासूपुढे धरली.

"आई, हे तुम्हीच फेका."

जमुनाबाईनं बेसिनमध्ये दूध ओतलं, तळाचा थेंबही झटकून टाकला. परत येऊन तिनं पोराला घ्यायला हात पुढे केले. चेतनानं पोर छातीशी ओढून घेतलं.