सरासरी सरांचं माप

सरांना दोन कमी-जास्त गोष्टी शेजारी शेजारी बघवत नसत. तिसगावात शाळेच्या भिंतीला लागून माझं शिवणकामाचं दुकान आहे. मधल्या सुट्टीत सर चहाला येत. माझा हात घाईचा, दोन कप कधी सारखे भरायचे नाहीत. सर बोलता बोलता भरल्या कपातला घोट दुसऱ्यात ओतत, दोन्ही कप डोळ्यांसमोर धरून बघत आणि मगच पीत. "आता झाली सरासरी," म्हणत. पोरांनी त्यांचं नाव 'सरासरी सर' ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. कुणी मागून हळूच म्हटलं की ते खुशाल ओ देत.

सर शेवगावहून मोटारसायकलवर येत. सातवीचा वर्ग माझ्या खिडकीसमोरच होता, त्यामुळे त्यांचं गणित मीही फुकटात शिकले. मी शाळेत असताना सरासरी म्हणजे बेरीज करा आणि भागा, एवढंच सांगितलं होतं. का भागायचं, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सरांनी पोरांना चिंचोके आणायला लावले. कुणाकडे चार, कुणाकडे ओंजळभर. ज्याच्याकडे जास्त, त्याने कमीवाल्याकडे सरकवत जायचं. सगळे ढीग सारखे झाले की सर विचारत, "एकेकाकडं किती आले? हीच सरासरी. बेरीज-भागाकार हा नुसता जवळचा रस्ता." शेवटच्या बाकावरची कावेरी कुरकुरली, "सर, माझे तर लई गेले." सर म्हणाले, "तुझे गेले, पण वर्गाचे तेवढेच राहिले का नाही?"

कावेरीचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात आणि तीही त्यांच्याबरोबर जाई. मधली वर्षं बुडाल्यामुळे सातवीत ती सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत उंच. त्या वर्षी तिला आजीपाशी ठेवून शाळा करू द्यायला सरांनी तिच्या आईला कसंबसं राजी केलं होतं.

त्याच पावसाळ्यात शाळेचे गणवेश शिवायचं काम आमच्या बचत गटाला मिळालं. कापड उशिरा आलं, झेंडावंदन तोंडावर. मी कापायचं, बाकीच्यांनी शिवायचं असं ठरलं. सरांनी त्यातही धडा शोधला. वर्गातल्या मुलींनी एकमेकींची मापं घेतली, फळ्यावर मांडली आणि सरासरी काढली. सर तळहातावर आकडे लिहून दुकानात आले. चेहरा असा फुललेला, जणू स्वतःच पहिले आले होते.

"ताई, हे सातवीच्या मुलींचं माप. पोरींनी स्वतः काढलंय."

मी म्हटलं, "मग सगळे ड्रेस याच मापानं कापू? थर लावले की एका दमात होतील."

सर जरा थांबले. "कापा की," म्हणाले आणि तिथेच स्टुलावर बसले.

मी थर लावले, खडूने रेघा मारल्या. कात्री धरली तेव्हा हात अडखळला. कावेरी केवढी आहे, हे मी रोज खिडकीतून बघत होते. पण एकेकीच्या मापानं वेगळं कापायचं म्हणजे पुन्हा सगळा व्याप. मी कात्री चालवली. संध्याकाळपर्यंत कापलेल्या कापडाचा ढीग पडला आणि मला माझंच कौतुक वाटलं.

झेंडावंदनाला मुली रांगेत उभ्या राहिल्या. नेमक्या त्या मापाची मुलगी वर्गात एकही नव्हती. बऱ्याच जणींचं चालून गेलं, बुटक्यांच्या बाह्या बोटांवर आल्या. कावेरीने सलामीला हात उचलला आणि काखेतली शिवण टरकन उसवली. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. तिने हात खाली घेतला आणि घरी जाईपर्यंत अंगाशी घट्ट धरून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

मी तिच्यासाठी नवा ड्रेस शिवला आणि सरांबरोबर तिच्या घरी गेले. दारातच सर तिच्या आईला म्हणाले, "चूक माझी आहे. माप मी दिलं. या ताईंचा काही दोष नाही." मी शेजारी पिशवी धरून उभी होते. एक शब्द बोलले नाही. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं, आणि त्याची लाज आजही वाटते.

आई म्हणाली, "सर, तुमी भला मानूस. पन पोरगी येत न्हाई म्हनती. आन आमालाबी आता दिसतंय ना, लई मोठी झाली ती."

कावेरी आतून बाहेर आलीच नाही. दसरा झाल्यावर ती आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली.

सरांनी चहाचे कप सारखे करणं सोडलं. पुढच्या वर्षी चिंचोक्यांचा खेळ झाल्यावर त्यांनी मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि म्हणाले, "आता उंचानं बुटक्याला थोडी उंची द्या बरं." पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत. "चिंचोके सरकवता येतात, उंची नाही. सरासरी काढलीत की आधी बघायचं, तिच्यापासून लांब कोण उभं आहे." मी मशीन थांबवून ऐकत होते.

पुढे सरांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात ते सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्यामुळे एका मुलीची शाळा सुटली." मी दुसऱ्या रांगेत होते. भाषण संपल्यावर सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

परवा कावेरी आईबरोबर दुकानात आली. लग्न ठरलंय, ब्लाउज शिवायचाय. तिला अठरा पूर्ण व्हायला अवकाश आहे, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. मी टेप धरली तेवढ्यात हायस्कूल सुटलं आणि तिच्या जुन्या वर्गातल्या दोघी तिला बघून आत आल्या. तिघी शेजारी उभ्या राहिल्या. तिघी सारख्याच उंच. कावेरी फक्त आधी वाढली होती. बाकीच्या मागून आल्या. दोन वर्षं ती वर्गात टिकली असती, तर कुणाच्या डोळ्यांवर आली नसती.

त्या गेल्यावर मी सरांना फोन लावला. लग्नाचं सांगितलं आणि म्हटलं, "सर, त्या दिवशी कापतानाच मला माहीत होतं."

सर म्हणाले, "तुमचा हात अडखळलेला मी पाहिला होता, ताई."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

मी ब्लाउजचं कापड घडी करून बाजूला ठेवलं. सर म्हणाले, "उद्या येतो. तिच्या आईला भेटू."

ब्लाउजचं कापड मी कापलेलं नाही. लग्न थांबवायचं तिची आई ऐकेल असं मला वाटत नाही. पण उद्या त्या दारात सरांच्या आधी मी बोलणार आहे.