दुसऱ्या भागातलं भूत

आमच्या भूतकाकूंना भुताच्या सिनेमाचा पहिला भाग चालायचाच नाही. हवा तो दुसरा, तोही हसवणारा, अगदी तद्दन. भुताची नखं चिकटवलेली दिसली पाहिजेत आणि पहिल्या भागात मेलेला नोकर दुसऱ्यात काही खुलासा न करता दार उघडायला हजर पाहिजे. तो दिसला की काकू टाळी वाजवत, "आला गं बाई माझा गुणाचा!"

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी नाशिकला आले. द्वारका चौकाजवळच्या बिल्डिंगमध्ये समोरचंच दार त्यांचं. पहिल्याच रविवारी भरदुपारी तिथून किंकाळी आली म्हणून मी लाटणं घेऊन धावले. बघते तर काय, खिडक्यांना चादरी, टीव्हीवर पांढऱ्या साडीतली धिप्पाड हडळ, आणि निम्मी बिल्डिंग पोट धरून हसतेय! "या, बसा," काकू म्हणाल्या. "लाटणं असू द्या हो. आमची हडळ जरा दांडगी आहे."

गंमत म्हणजे टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. देवळाली कॅम्पातून भाड्याने आणलेल्या एका कॅसेटचा आवाज एकदा गेलेला निघाला. बदलायला एवढ्या लांब कोण जातंय, म्हणून काका-काकूंनी संवाद स्वतःच म्हटले. ते असे रंगले, की पुढे धडधाकट कॅसेटचाही आवाज बंद व्हायला लागला. काकू हिरॉइन, आणि मनमाडला रेल्वेत गार्ड असलेले काका सुट्टी जमवून भूत. माणसं सटाण्याकडची, त्यामुळे भूत अहिराणी बोलायचं. काकू लाडात येऊन विचारायच्या, "कोण आहे तिकडे?" काका खर्जात म्हणायचे, "मी शे ना बाई! घाबरनी का?" लोक हसून हसून बेजार.

मला मेलीला एकदा प्रश्न पडला, की चैन पडत नाही. मी विचारलंच, "काकू, पण दुसराच भाग का?"

"अहो, पहिल्या भागातलं भूत नव्या जावयासारखं," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "सगळा रुबाब. दुसऱ्या भागापर्यंत ते घरचं होतं. टोप सरकला तरी लाजत नाही."

मला हे तेव्हा अर्धवटच पटलं. तीच हडळ, तोच पडका बंगला, त्यात एवढं काय? पण रविवारी त्यांच्या सतरंजीवर जागा धरायला मीच सगळ्यांत पुढे असायचे.

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र गेल्यासारखाच. उरली ती घोगरी खरखर. डॉक्टरांनी बजावलं होतं, थोडं थोडं बोलत राहा, नाहीतर हेही जाईल. पण काकांना त्या खरखरीची लाज वाटायची. पाणी हवं असलं तरी बोट दाखवायचे. कोणी आलं, की उठून आतल्या खोलीत. महिने गेले, काकूंचा चेहरा ओढला, रविवार बंद पडले. मला फार वाईट वाटायचं, पण करणार काय?

पुढे ते दोघं कायमचे सटाण्याला गेले. त्याआधीच्या एका रविवारी मात्र काकूंनी आम्हा सगळ्यांना हाक मारली. तोवर सीडीचे दिवस आले होते. चादरी लागल्या, आवाज बंद झाला. दुसराच भाग, हे सांगायला नकोच. काकांनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं. हिरॉइन जिना चढली. काकू म्हणाल्या, "कोण आहे तिकडे?" पडद्यावर भूत आलं, त्याने तोंड उघडलं, पण खोलीत शांतता. आम्ही कोणी एकमेकांकडे बघेना. काकूंनी सीन मागे घेतला. हिरॉइन पुन्हा जिना चढली. "कोण आहे तिकडे?" पुन्हा शांतता. शेजारच्या वहिनी माझ्या कानात पुटपुटल्या, "पुरे करा म्हणावं आता." पण काकू हट्टाला पेटल्या होत्या. त्यांनी सीन पुन्हा मागे घेतला.

"कोण आहे तिकडे?" या वेळी आवाज कापला.

दार करकरलं. काका चौकटीत उभे होते. गळ्याभोवती मफलर, नजर टीव्हीवर. भुताने तोंड उघडलं आणि त्या भयंकर खरखरीत शब्द आले, "माले चहा नही का?"

वहिनी खरोखर किंचाळल्या. मग जो काय हशा उसळला! काकांचे खांदेसुद्धा गदगदा हलत होते. पडद्यावरची हिरॉइन जीव तोडून ओठ हलवत होती, पण तिचे संवाद म्हणायला कोणी नव्हतं. काकू पदराने डोळे पुसत चहा टाकायला गेल्या होत्या.