बाळारामशेठचं विमान आणि सहा किलोंचा फरक

पनवेलला राहणाऱ्या माणसानं विमान बघायला साडेचार तास गाडीतून जावं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. हल्ली आमच्याकडे गच्चीवर पापड वाळत घालायला गेलं की डोक्यावरून एक विमान जातं आणि पापड घालून होईपर्यंत दुसरं. पण ती विमानं नुसती बघायची. बाळारामशेठ जे बघायला निघाले होते, ते घ्यायचं होतं.

बाळारामशेठ माझे चाळीस वर्षांचे स्नेही. विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतलं एक त्यांचं. भातशेती गेली, मिठागर गेलं, आणि त्या बदल्यात आलेल्या पैशांतून नव्या वसाहतीत तीन मजली घर उभं राहिलं. पूर्वी ते शर्यतीचे बैल पाळायचे. गोठ्याला जागा उरली नाही तेव्हा बैल विकले, आणि तेव्हापासून त्यांना जोरात पळणारं काहीतरी हवं होतं. एका सकाळी वडाळे तलावाच्या काठी, फेरी अर्धवट सोडून बाकावर बसल्या बसल्या, त्यांनी मला बातमी दिली.

"दोन शीटचं हाय. छोटं. रविवारी बगायला जायाचंय, तुमी पायजेच."

"शेठ, विमान कशाला?"

"आमची जमीन विमानांसाठी घेतली ना? मग येक तरी विमान आमचं पायजे."

हे बोलताना ते हसले, पण मी त्यांना ओळखतो. ते हसत नव्हते.

मी हवा होतो याचं कारण माझी नोकरी. मी आपटेकर, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक. किराणा दुकानातले, मासळी बाजारातले, भंगारवाल्यांचे काटे तपासण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे विकणाऱ्यानं कुठे हात मारला तर आपटेकर पकडेल असा शेठचा हिशेब. रविवार शेठनी मुद्दाम माझ्यासाठी धरला होता, कारण शनिवारी मी कशाला हात लावत नाही. आम्ही मूळचे पाताळगंगेकाठच्या आपटा गावचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. भाऊबंद सगळे एकेक करून विमानात बसून कायमचे इस्रायलला गेले, मी पनवेलला राहिलो. तेव्हा विमान या वस्तूवर माझा तसा रागच आहे, आणि तपासणाऱ्याच्या मनात थोडा राग असलेला बरा असतो.

सकाळी सहाला निघालो. गाडीत तिसरी व्यक्ती शेठची आई, जानकीकाकी, वय वर्षं ऐंशी. घरात येणाऱ्या प्रत्येक बैलाच्या पाठीवर काकींनी आधी हात ठेवायचा आणि मगच सौदा करायचा, ही त्यांच्या घरची रीत. काकींनी हात काढून घेतला की शेठ बैलवाल्याला चहा पाजून परत येत. शिवाय जमिनीचे पैसे दोघांच्या नावावर, त्यामुळे सहीही काकींची लागणार होती. त्या मागच्या सीटवर हातात लिंबू धरून बसल्या होत्या, गाडी लागते म्हणून.

"काकी, गाडी लागते तर विमान लागणार नाही का?"

"मी कुठं बसतंय विमानात? मी हात लावायला आलंय."

घाटात एक ट्रक आडवा झाला होता. दीड तास आम्ही एका जागी उभे होतो. त्या दीड तासात आमच्या डोक्यावरून किती विमानं गेली ते शेठ मोठ्यानं मोजत होते. मधून मधून माहितीपत्रक वाचून दाखवत होते. "ताशी दोनशे किलोमीटर! चिरनेरला आयेच्या माहेरी आठ मिनिटांत." मी त्यांना आठवण करून दिली की चिरनेरला विमान उतरायला जागा नाही, आणि विमान ठेवायचं घाटावर, म्हणजे आठ मिनिटांच्या प्रवासासाठी आधी साडेचार तास गाडी चालवणं आलं. शेठनी माहितीपत्रकाची घडी घातली आणि गाण्यांचा आवाज वाढवला.

घाट संपल्यावर एका झाडाखाली न्याहारी केली. तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी). मला सुकट चालत नाही हे काकींना ठाऊक, म्हणून माझ्यासाठी वेगळ्या डब्यात वांग्याचं भरीत होतं. शेठनी सुकटीबरोबर चार भाकऱ्या खाल्ल्या. त्या चार भाकऱ्या पुढे कथेत येणार आहेत.

धावपट्टी दोन्ही बाजूंनी उसात बुडालेली होती. मधोमध एक कुत्रं निवांत झोपलेलं. पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान उभं होतं, पांढरंशुभ्र, आणि इतकं लहान की शेठनी त्याच्यामागे दुसरं मोठं आहे का ते पाहिलं. आत दोन सीट, जुन्या मारुतीपेक्षा अरुंद. विकणारे आणि उडवून दाखवणारे गृहस्थ एकच. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले.

"सर, दीडशे मीटरमध्ये जमीन सोडतं. तासाला अठरा लिटर पितं, साधं गाडीचं पेट्रोल. टाकी फुल केली तर पाच तास हवेत. मुंबई-गोवा, आरामात!"

"आणि किंमत?" मी विचारलं.

"एक कोटी साठ लाख. कर वेगळे."

नंतर विमा वेगळा, शेडचं भाडं वेगळं, दरवर्षीची तपासणी वेगळी आणि चालवायला शिकायचं तेही वेगळं असं निघत गेलं. विमान सोडून सगळंच वेगळं होतं. माझी सवय जाईना, म्हणून मी मनात किलोचा भाव काढला. रिकामं विमान साधारण तीनशे पस्तीस किलो, म्हणजे किलोला सुमारे अठ्ठेचाळीस हजार. पापलेटापेक्षा पुष्कळ महाग, चांदीपेक्षा स्वस्त.

शेठनी खांद्यावरचा पंचा काढला, हात त्याखाली घेतला आणि कॅप्टनकडे पुढे केला. बैलबाजारात भाव असाच ठरतो, रुमालाखाली बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. शेठनी आत बोटांनी काय भाव सांगितला देव जाणे. कॅप्टननी तो हात पंच्यासकट धरून जोरजोरात हलवला आणि म्हणाले, "वेलकम, सर!"

मग काकी पुढे झाल्या. पंखावर हात ठेवला, फिरवला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, जशा त्या आठवडी बाजारात मडकं घेताना करतात.

"पोकळ हाय," त्या म्हणाल्या.

"हलकं आहे आजी, म्हणून तर उडतं," कॅप्टन म्हणाले.

काकींनी हात काढला नाही. शेठच्या छातीतून सुटलेला श्वास मला ऐकू आला.

आता फेरी मारायची. कॅप्टननी नियम सांगितला. या जातीच्या विमानाचं सगळं मिळून वजन सहाशे किलोंच्या वर जाता कामा नये. विमानाचं वजन, त्यातलं सामान आणि सकाळीच काठोकाठ भरलेली टाकी वजा जाता दोन माणसांसाठी उरतात एकशे पंच्याण्णव किलो. शेडच्या कोपऱ्यात माणसं उभी करायचा एक काटा होता. कॅप्टन चढले, पंच्याऐंशी. शेठनी चपला काढल्या, गळ्यातली साखळी काढून काकींच्या हातात दिली, पोट आत घेतलं (पोट आत घेतल्यानं वजन कमी होतं अशी पुष्कळांची समजूत असते), आणि चढले. एकशे नऊ, चार भाकऱ्यांसकट.

"एकशे चौऱ्याण्णव!" कॅप्टन म्हणाले. "सर, एक किलो शिल्लक!"

शेठचा चेहरा मी त्यांच्या लग्नात पाहिला होता, त्यांचा बैल शर्यत जिंकला तेव्हाही पाहिला होता. असा कधी पाहिला नव्हता. ते खाली उतरले आणि विमानाच्या दाराकडे चालायला लागले.

आणि तेव्हा मी रिकाम्या काट्याकडे पाहिलं.

लोक काटा बघतात तो त्यावर काही ठेवल्यावर. निरीक्षक आधी रिकामा बघतो. तीस वर्षांत मी शिकलो ते एवढंच. काट्यावर कुणी नव्हतं आणि सुई शून्यावर नव्हती. शून्याच्या मागे, सहा घरं अलीकडे उभी होती. मी स्वतः चढून पाहिलं. घरच्या, सरकारी छाप मारलेल्या काट्यावर मी दर सोमवारी बासष्ट भरतो. इथे छप्पन्न भरलो.

खोटं कशाला सांगू, मी गप्प बसायचा विचार केला. अकरा-बारा किलोंनी काय होतंय? एवढी फेरी मारून येतील. मासळीवाल्यांना दंड करताना मला कधी असं वाटलं नव्हतं, पण त्यांच्यातला कुणी माझ्या मित्राला घेऊन आभाळात जाणार नव्हता.

"शेठ, थांबा," मी म्हणालो. "हा काटा सहा किलो कमी दाखवतोय. तुम्ही एकशे पंधरा आहात. हे कॅप्टन एक्क्याण्णव. दोघं मिळून अकरा किलो जास्त होताय."

कॅप्टननी काट्याशी वाकून पाहिलं. त्यांच्या बाजूनं सांगायचं तर त्यांनी वाद घातला नाही. टाकीतलं पेट्रोल काढणारा कारागीर रविवारी येत नाही, आणि नियमाबाहेर मी नेणार नाही, एवढंच म्हणाले. शेठ माझ्याकडे बघत होते.

"तुमाला कुणी बोलवलं होतं?" ते म्हणाले. बोलावलं त्यांनीच होतं.

शेठच्या जागी मी गेलो असतो, पण मित्राला खाली ठेवून वर जाण्याची माझी छाती नव्हती. तेवढ्यात कॅप्टनचं लक्ष काकींकडे गेलं. काट्यावर त्या पस्तीस भरल्या, म्हणजे खऱ्या एक्केचाळीस.

"आजी, तुम्ही येता?"

"मी?" काकींनी लेकाकडे पाहिलं. शेठनी मान हलवली, हो अशी. काकींनी लिंबू माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि चढल्या.

कुत्र्याला उठवलं गेलं. विमान खरोखरच दीडशे मीटरमध्ये जमिनीवरून उठलं, ती एक गोष्ट माहितीपत्रकात खरी होती. शेठ धावपट्टीच्या कडेला एक हात वर करून उभे राहिले, आणि विमान उसाच्या पलीकडे दिसेनासं झालं तरी त्यांनी तो हात खाली घेतला नाही.

पाऊण तासानं काकी उतरल्या. डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं म्हणाल्या.

"डोंगराच्या कडेपर्यंत नेला त्यानं. खाली आपला मुलुख दिसला, कर्नाळ्याचा सुळका दिसला. मी बोलली, जरा पुढं ने, आमचं घर हाय तिकडं. तो बोलतंय, पुढचं आभाळ मोठ्या विमानतळाचं, आपल्याला परवानगी नाय." त्यांनी खोचलेला पदर सोडला. "जमीन घेतली ते ठावं होतं. आभाळ पण घेतलंय ते आज कळलं."

परतीच्या वाटेवर शेठ माझ्याशी बोलले नाहीत. घाटात थांबलो तिथे वडे तळले जात होते. शेठनी वड्याकडे पाहिलं, आणि वड्यालाच सांगावं तसं म्हणाले, "शंभरवर येईन तवा विमान. तवर त्याचं नाव काढायचं नाय."

पनवेलला पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. शेठ गाडी लावून थेट आंघोळीला गेले. काकींनी मला ओट्यावर बसवलं, ताटलीत दोन लाडू आणून ठेवले आणि आवाज खाली केला.

"सायेब, तो आता तुमच्याकडं वजन करायला येल. तुमच्या काट्याची सुई जरा मागं सारा."

तीस वर्षांत मला काटा खोटा करायला पुष्कळांनी सांगितलं. कुणी पाकीट पुढे केलं, कुणी पुढाऱ्याचं नाव सांगितलं. लाडू पहिल्यांदाच.

"काकी, असं कसं करू?"

"तो शंभरवर येयपर्यंत मी ऱ्हाईन का?"

"तुम्ही पुन्हा एकट्या जा ना," मी म्हणालो. "तुमचं वजन कुठेही चालतं."

"त्याला खाली ठेवून? वरनं मी त्याला बगितला. येवढासा, हात वर करून उभा. लहानपणी चिरनेरच्या जत्रेत हरवला होता, मना सापडला तवा असाच उभा होता." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मना त्याच्यासंगं जायाचंय."

मी हातातला लाडू खाली ठेवला. या विमानाची किंमत दिवसभर मी किलोवर काढत होतो आणि गणित मांडताना एक आकडा बदलायचं मला सुचलं नव्हतं. दोनच सीट, त्यातली एक चालवणाऱ्याची. आम्ही सकाळपासून चालवणारा म्हणून कॅप्टनलाच धरून चाललो होतो.

"काकी, शेठ स्वतः चालवायला शिकले तर? ते एकशे पंधरा, तुम्ही एक्केचाळीस. एकशे छप्पन्न झाले. एकोणचाळीस किलो शिल्लक राहतात. फक्त शिकवणारा ऐंशीच्या आतला शोधायचा. मी उद्या फोन करतो."

घरावरून मात्र तेव्हाही जाता येणार नाही, हे मी पुन्हा सांगितलं नाही. ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. आतून शेठच्या आंघोळीच्या पाण्याचा आवाज येत होता, आणि वसाहतीवरून एक मोठं विमान चाकं खाली काढून उतरायला निघालं होतं. काकींनी ते जाईपर्यंत थांबून विचारलं,

"आमी दोघं? खऱ्या काट्यावर?"

"खऱ्या काट्यावर. भाकरीच्या डब्यासकट."

काकींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग ताटलीतला त्यांचा लाडू उचलून माझ्यापुढे ठेवला.

"तुमी खावा," त्या म्हणाल्या. "आता मना वाढून चालायचं नाय."