दह्याचा डाग आणि साहेबाचा ‘फेअर’

महादू,

नांदगाव सोडलं त्या सकाळी मी कापसाच्या गाडीवर मागं तोंड करून बसलो होतो. आपली माय दारात उभी होती. मी हात हलवला तर गाडी हाकता हाकता बाबा खेकसले, “चाललाच आहेस तं मांगं नको पाहू. बैल बिचकतात!” बैलांना काय पडलं होतं माझं! ते आपले मान खाली घालून चालले होते. बिचकले होते ते बाबाच, आणि हे मला खंडेश्वराचं देऊळ दिसेनासं झाल्यावर कळलं.

हे मी तुला लिहितोय, तरी आपल्या गावचे जे जे अकोल्याला, मुंबईला पांगले, त्यांनाही वाचून दाखव. त्यांच्याही पायाला भिंगरीच आहे.

मी निघालो कशाला, हे तू त्या वेळी विचारलं नाहीस. अमरावतीच्या शाळेत दोन वर्षं इंग्रजी घोकलं होतं, ते अंगात वळवळत होतं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, विलायतेच्या गिरण्या उपाशी, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी आपला कापूस. अकोल्याच्या एका कापूसवाल्या साहेबाला पारखी हवा होता, रुई पाहून तिची प्रत इंग्रजीत सांगणारा. मला वाटलं, झालं! आता आपलं नशीब उघडलं.

काम दिसायला सोपं. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धागा किती लांब ते पाहायचं, उजेडाकडे धरायची, ओल आहे का म्हणून हुंगायची आणि एक शब्द बोलायचा. ‘फेअर’ म्हटलं की माल पास. मग नमुन्यावर चिठ्ठी लागायची, ‘फेअर ऊमरावटी’. अमरावतीचं हे असं करून ठेवलं होतं त्यांनी! सगळ्या वऱ्हाडचा कापूस त्याच नावानं समुद्रापार जायचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली. आता वाचलं की चीड येते.

पण त्या ‘फेअर’नं मला फार छळलं. रुई बरी, तर फेअर. आभाळ निरभ्र, तर फेअर. दोन गाडीवानांचं भांडण साहेबानं मिटवलं, तेही फेअर. कारंज्याकडे जत्रा भरली, ती फेअर. मेजावरच्या तसबिरीतली त्याची मडम गोरी, म्हणून तीही फेअर. एका शब्दाला किती ठिकाणी जुंपावं? आपण बैलालासुद्धा दुपारचं सोडतो.

कचेरीत बाळापूरचे करीम मुन्शी होते, म्हातारे, पान खाऊन ओठ लाल. त्यांनी मला त्या शब्दाची भावकी समजावली. क्लीन म्हणजे स्वच्छ, पण न्यायाचा नव्हे. जस्ट म्हणजे न्यायाचा, पण गोरा नव्हे. मिडलिंग म्हणजे चालेल इतपत. “मियाँ, ये सब भाई हैं,” ते म्हणायचे, “मगर चूल्हे अलग-अलग.” फेअरच्या उलट फाउल, म्हणजे घाण, हेही त्यांनीच शिकवलं. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. रस्त्यानं चालताना पुटपुटायचो. मोर्णा नदीवर आंघोळीला गेलो तरी पुटपुटायचो, बायका हसायच्या. मुन्शीजी म्हणत, हा शब्द तुझ्याएवढा कोणाला येत नाही. मी फुगलो. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या हंगामात बाबा आपली गाडी घेऊन अकोल्याला आले. त्याच्या आदल्या आठवड्यात साहेबानं दुसऱ्या पारख्याला हाकलून दिलं होतं. मेहुण्याची पाणी मारलेली रुई त्यानं पास केली होती. “यापुढे कोणी आपल्या गावच्या मालाला डोळे मिटून पास केलं, तर तो त्याच दिवशी घरी,” असं साहेबानं सगळ्यांना बजावलं होतं. आणि आता तो माझ्या बाजूलाच उभा, हात मागं बांधून.

बाबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहून हसले. गाडीत रुईच्या बोज्यांवर लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक लहान गाठोडं होतं. साहेबानं छडीनं नेमकं तेच दाखवलं. मी सोडलं. आत हातानं सरकी काढलेला कापूस, पिवळट डाग पडलेला, जरा आंबूस वासाचा.

मी लगेच ओळखलं, महादू. तुला सांगायला नको, पण मुंबईत वाढणाऱ्या पोरांना सांगावं लागेल. पहिल्या वेचणीला बाया वावराच्या कोपऱ्यात दगड मांडून सीतादही करतात, दहीभाताचा निवद दाखवतात, झाडांवर दहीभात शिंपडतात आणि मगच कापसाला हात लावतात. त्या झाडांचा मूठ-दोन मूठ कापूस माय नेहमी वेगळा ठेवायची. तो डाग दह्याचा होता. तो तुकडाही मायच्याच लुगड्याचा, हिरवा. मला वाटलं, बाबांनी शकुनाचा म्हणून मालावर ठेवला असेल.

“वेल? इज इट फेअर?” साहेबानं विचारलं.

दोन वाक्यं बोलायची होती फक्त. साहेब, हा आमचा रिवाज आहे. साहेब, हा माल नव्हे, खालचा बघा. इंग्रजी येत होतं की! वहीभर येत होतं. पण हाकललेल्या पारख्याचं तोंड डोळ्यांपुढं आलं आणि माझी पाचावर धारण बसली.

“नो सर,” मी म्हणालो. “नॉट फेअर. फाउल.”

साहेबानं छडीनं गाठोडं मातीत ढकललं. मग स्वतः खालच्या बोज्यात कोपरापर्यंत हात घातला, रुई काढली, ओढली, आणि म्हणाला, “गुड फेअर.” पास. तो पुढच्या गाडीकडे गेलाही.

बाबांनी विचारलं, “काय म्हने तो?”

“चांगला माल आहे म्हणतो.”

“त्याचं नाई. तू काय म्हनला?”

मी नमुन्यावर चिठ्ठी लावायला लागलो. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण गाठोडं मातीत का गेलं हे कळायला इंग्रजी कशाला लागतं? ते वाकले. एकेक पुंजका उचलला, फुंकर मारून माती उडवली, तुकड्यात बांधला.

“हा इकायले नोता आनला,” ते म्हणाले. “तुया मायनं धाडला. पोरगा सीतादह्याले तीन साल झाले आला नाई, म्हने, त्याच्या देवाजवळच्या दिव्याले वाती होतीन.”

मी हात पुढं केला. त्यांनी गाठोडं काखेत मारलं.

“राहू दे. तुया घरी सायबाच्या पसंतीच्याच वाती लागत असतीन.”

त्यानंतर ते अकोल्याला आले नाहीत, माल अमरावतीलाच घालतात. माझी नोकरी राहिली. पुढं लढाई संपली, भाव कोसळला, तो साहेब निघून गेला. मी दुसऱ्या कंपनीत लागलो. अकोल्यात तीन बिऱ्हाडं बदलली. घरात बसलं की बाहेर जावंसं वाटतं, बाहेर पडलं की परत फिरावंसं. बायको म्हणते, तुम्हाले कुठंबी चैन नाई. खरंच आहे. वेचणीचे दिवस आले की जेवण गोड लागत नाही.

पाच हंगाम गेले. मायकडून काही आलं नाही, मीही मागितलं नाही. कोणत्या तोंडानं मागू? आधी म्हणायचो, तीन दिवसांचा गाडीरस्ता आहे. आता आगगाडी बडनेऱ्याला उतरवते, तिथून गाव एका दिवसाच्या गाडीरस्त्यावर. ती सबबही गेली.

लोक मला घर कुठं विचारतात, मी अकोला सांगतो आणि जीभ अडखळते. घर म्हणजे आपण न मागता जिथून मूठभर कापूस येतो ते. तसलं एकच होतं, आणि त्याला मी चारचौघांत नापास केलं.

तर महादू, यंदा सीतादही कोणत्या दिवशी आहे ते कळव. मायला विचारून कळव, म्हणजे मी येतोय हे तिलाही कळेल. ती काही बोलली नाही, तरी तेवढंच लिही. बाबा दारात आडवे उभे राहिले तर मी वावरात जाईन, तिथं बायांच्या मागं उभा राहीन. मग मायनं माझ्या ओंजळीत काही टाकावं की नाही, ते तिचं तिनं ठरवावं.

तुझा दादा